पाटावरचा सायलेन्सर

एकदा एका गॅरेजात, खंडेनवमीच्या सकाळी, एक शिष्य आपल्या मोटारसायकलीला नवा सायलेन्सर बसवीत होता. शिष्याचे नाव निवास. वय सव्वीस. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा गॅरेजात त्याने सात वर्षे वस्तादांच्या हाताखाली काढली होती आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, पेठेत त्याचे स्वतःचे गॅरेज उघडायचे होते. गाळा ठरला होता, पाटी रंगवून झाली होती. राहिली होती एकच गोष्ट.

त्या गॅरेजाची एक रीत होती. शिष्य बाहेर पडताना खंडेनवमीच्या पूजेनंतर वस्ताद आपल्या पेटीतला एक पाना त्याच्या हातावर ठेवीत. तो पाना म्हणजेच त्यांचा आशीर्वाद. आजवर तिघांना तो मिळाला होता. एकाला वस्तादांनी "अजून वर्षभर थांब" म्हटले होते आणि तो मुकाट थांबला होता. निवासला तो पाना हवा होता. तो नाही मिळाला तर रंगवलेली पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवावी लागणार होती.

आता या निवासचा कान फार तयार होता. चालत्या इंजिनाकडे पाठ करून तो सांगे, "झडपेचा टॅपेट वाजतोय" किंवा "चेन सैल झालीय", आणि ते खरे निघे. गिऱ्हाईक त्याच्या कानावर विश्वास ठेवून गाडी सोडून जात. अशा माणसाने गाडीला काय बसवावे? तर चार गल्ल्या दणाणून सोडणारे नळकांडे! पण तरुणपणी कुणाची अक्कल कुठे गहाण पडेल, सांगता येत नाही. उद्या पेठेत शिरताना नव्या दुकानदाराची वर्दी लागली पाहिजे, एवढाच त्याचा हेतू.

वस्तादांनी ते पाहिले. रागावले नाहीत. "सांध्याचं गॅस्केट नवं घाल. जुनं गळतं," एवढेच म्हणाले. निवास गॅस्केट आणायला गेला, परतला, फिटिंग पुरे केले आणि किक मारली. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. निवासची छाती फुगली.

"झकास," वस्ताद म्हणाले. "आता घाटातल्या देवळापर्यंत जाऊन ये. आणि काय ऐकलंस ते मला सांग. पूजा मग करू."

अर्ध्या तासाने निवास परतला तो घामेजलेला आणि आनंदात.

"काय ऐकलंस?"

"काय सांगू वस्ताद! वळणावर आवाज नुसता घुमतोय. लोक वळून बघतात."

"आणखी?"

"आणखी काय? गाडी एकदम ओके."

वस्तादांनी मान हलवली. इंजिन निवू दिले. मग बाह्या सावरून खाली बसले आणि आपल्या हातांनी तो नवा सायलेन्सर उतरवू लागले. निवास बघतच राहिला. सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले. पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. कोपऱ्यात टाकलेला जुना, गंजाचे डाग पडलेला सायलेन्सर त्यांनी फडक्याने पुसला, जागेवर बसवला आणि म्हणाले, "मार किक."

गाडी सुरू झाली. आणि त्या शांत फुरफुरीतून स्पष्ट ऐकू आले: टिक, टिक, टिक, टिक.

निवासचा चेहरा उतरला. "टॅपेट!"

"तू गॅस्केट आणायला गेलास तेव्हा मीच सैल केला. घाट चढलास, उतरलास, आणि एवढा वेळ गाडी तुला सांगत होती." वस्ताद हात पुसत उठले. "बाळ, इंजिनाच्या पोटात क्षणाक्षणाला स्फोट होत असतात. ती आग, तो धूर, तो सगळा आकांत हा साधा पत्र्याचा नळा स्वतःच्या पोटात घेतो. म्हणून तर बारीक कुरकुर तुझ्या कानापर्यंत येते. लोक तुझ्या कानाची तारीफ करतात, करू देत. पण तुझा कान चालतो तो याच्या सोसण्यावर. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. सायलेन्सरचं नाव निघतं, ते तो फुटला तरच."

निवासने आधी टॅपेट नीट केला. आज पाना मिळणार नाही, हे त्याने मनाशी धरले होते, आणि खरे सांगायचे तर तो मागायची लाज त्याला वाटू लागली होती.

तेवढ्यात दूधवाले आबा चौगुले प्रसादाचे दूध घेऊन आले. आबा म्हणजे गॅरेजाचे जुने गिऱ्हाईक आणि तोंडाचे मोकळे. किटली ठेवत म्हणाले, "काय निवास, उद्या मालक होणार म्हणं! वस्तादांचं समदं उचल बाबा, फकस्त बोल्ट आवळायचं त्यांच्याकडनं शिकू नगंस."

"म्हणजे?"

"तुला ठावं न्हाई? चार वर्सं झाली. हितनं ऑइल बदलून गेलो, तर खालचा बोल्ट ढिला. समदं ऑइल रस्त्यावर, घाटात इंजिन जाम! मी हितं यिऊन चार लोकांत नाही नाही ते बोललो यांना. ह्ये आपले हात जोडून उभे. म्हणाले, आबा, वय झालं, हात चुकला. मग इंजिन खोलून नव्यावानी करून दिलं, ते सोडा."

वस्ताद घाईने म्हणाले, "आबा, चहा घेणार ना?"

पण निवासला तो दिवस आठवला होता. धाकट्या बहिणीचे लग्न होते. एस.टी. चुकेल म्हणून त्याने आबांच्या गाडीचे ऑइल घाईघाईत बदलले होते. बोल्ट हाताने बसवला, पान्याने आवळायचा राहिला. पाच दिवसांनी तो परतला, तेव्हा वस्तादांनी एवढेच विचारले होते, "लग्न नीट झालं ना?" नंतरचे कित्येक महिने मात्र प्रत्येक गाडीचा तो बोल्ट ते स्वतः एकदा तपासून पाहत. निवासला तेव्हा त्याचा रागच येत असे.

तो आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला, "तो बोल्ट वस्तादांनी नाही, मी ढिला ठेवला होता. ती बोलणी मी खायची होती. माझ्या वाटची यांनी खाल्ली."

आबा किटलीच्या कडीशी चाळा करीत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वस्ताद, चार वर्सं मला सांगायचं न्हाई व्हय?" वस्ताद हसले आणि पूजेची हत्यारे मांडू लागले.

पाटावर पाने लागले, पक्कड लागली, हातोडी लागली. निवासने गाडीचा जुना सायलेन्सर पुन्हा उतरवला आणि तोही पाटावर मधोमध ठेवला. त्याला झेंडूचे फूल वाहिले आणि नमस्कार केला. डोके वर करताना त्याचे डोळे भरले होते. ते त्याने पुसलेही नाहीत.

आरती झाली. वस्तादांनी पेटी उघडली आणि सतरा नंबरचा पाना निवासच्या हातावर ठेवला. ऑइलचा बोल्ट आवळायचा तोच पाना, वर्षानुवर्षांच्या मुठीने गुळगुळीत झालेला.

"उद्या तुझ्याही हाताखाली कुणीतरी येईल," वस्ताद म्हणाले. "तोही एखादा बोल्ट विसरेल."

दसऱ्याला निवासची गाडी पेठेत शिरली, तेव्हा कुणीही वळून पाहिले नाही.