रिकाम्या तागडीचा पासंग

...मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर, तुम्हीच सांगा?

मी सातवी शिकलेला माणूस. तीस वर्षं तुरीचा व्यापार करतोय. पोत्यात हात घातला की ओल किती ते सांगतो. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते घ्यायला आलंय की नुसता भाव काढायला, तेही सांगतो. त्यामुळं माझा विश्वास माझ्या नजरेवर.

त्याच नजरेनं मी माझ्या भाचीला, गिरिजाला, पाहत आलो. वय सोळा. वर्गात पहिली. ऑगस्टात ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं, दोन्ही बाजूंना लोक खोळंबलेले, आणि ही पोरगी स्कूटी घालून आरपार आली. मी अख्ख्या दुकानाला चहा पाजला. म्हटलं, व्यापाऱ्याच्या घरात शोभेल असं काळीज आहे.

पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात होती. का, ते विचारू नका. वाचली.

डॉक्टर म्हणाले, "उदासीचा आजार आहे. यात मेंदूतली काही ठिकाणं मंदावतात. चांगलं घडलं तरी तिथं उजेड पडत नाही, धोका समोर आला तरी घंटा वाजत नाही. मुलगी धाडसी नाही हो, आजारी आहे."

गोळ्या लिहून दिल्या. पोरगी घेईना. "मला माझं कळतं," एवढंच बोलायची.

शेवटी तिला घेऊन मठात गेलो, मन्मथअप्पांकडं. अप्पा पूर्वी बाजारातले तराजू दुरुस्त करायचे. आता मठाच्या कोठीत बसून रोजच्या पंगतीची डाळ मोजून देतात. दुपार होती. अप्पा डाळीतले खडे वेचत होते.

"अप्पा, हिला जरा समजावा."

"मलाच कुठं काय समजतंय, शेठ..." अप्पांनी मानही वर केली नाही. "पुलावर पाणी किती होतं गं, माय?"

"घोट्याच्या बरंच वर," गिरिजा म्हणाली.

"भीती वाटली?"

"नाही."

"पलीकडं काय काम होतं?"

गिरिजानं डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"काही नाही... मला पलीकडं जायचंच नव्हतं, अप्पा."

आणि मी त्याचाच चहा पाजला होता अख्ख्या दुकानाला.

अप्पांनी खुंटीवरची जुनी तागडी काढून तिच्या हातात दिली. डाव्या पारड्यात अर्ध्या किलोचं वजन ठेवलं.

"उजवीकडं अर्धा किलो डाळ घाल."

ती मान ताठ करून मोजायला लागली. पोरगी हुशार, हात नेमका. शेवटी तर दाणा दाणा टाकत होती. दांडी सरळ झाली.

"बरोबर?"

"बरोबर."

अप्पांनी तीच डाळ कोठीतल्या इलेक्ट्रिक काट्यावर ओतली. आकडा आला पाचशे चाळीस.

"मी नीट मोजलंय," ती फणकारली.

"नीटच मोजलंस."

"मग जास्त कशी झाली?"

"पाचशे तर कधीच झाले होते, माय. तागडीच म्हणत होती, अजून पुरे नाही, अजून पुरे नाही..."

अप्पांनी दोन्ही पारडी रिकामी केली. तागडी तिच्याच हातात ठेवली.

"आता उचल."

तिनं उचलली. आत काही नसताना डावं पारडं खाली गेलं.

"पासंग आहे हिच्यात," मी म्हणालो. व्यापाऱ्याची जीभ, राहवत नाही. "रिकामी असतानाच एका बाजूला झुकते."

"तागडीला कळतं का ते?" अप्पांनी गिरिजाला विचारलं.

"...नाही."

"आणि तू तिच्याच भरवशावर दाणे मोजत होतीस."

ती झुकलेल्या पारड्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. ते बघणं फार वाईट होतं.

"मग फेकून द्या," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं.

"पंचेचाळीस वर्षं तराजू दुरुस्त केले," अप्पा म्हणाले. "पासंगापायी एकही फेकला नाही."

त्यांनी डाळीतून वेचलेले मूठभर खडे चिंधीत गुंडाळले आणि ती पुरचुंडी उजव्या पारड्याच्या दोरीला बांधली. गाठ दोनदा सुटली.

"म्हणजे गोळ्या," गिरिजा म्हणाली. "मला कळतंय बरं का, अप्पा."

"मी तर खडे बांधले."

ती हसली नाही. पण पोरीची नजर त्या गाठीवर होती.

"आणि ही सुटली तर?"

"सुटते."

"...मग?"

"म्हणून तर रोज सकाळी रिकामी उचलून बघायची. एकटीनं नाही, दुसऱ्या कोणासमोर. झुकलेली असली तर झुकलीय म्हणायचं."

तिनं पुन्हा तागडी उचलली. दांडी हलली, थांबली.

"झाली सरळ," मी घाईनं म्हणालो. माझ्यानं आणखी बघवत नव्हतं.

गिरिजानं तागडी डोळ्यांच्या रेषेत धरली.

"नाही, मामा," ती हळूच म्हणाली. "अजून थोडी झुकतेय."

अप्पांनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"शेठ, दुकानातलं माप तुमचं तुम्ही बघा... हिचं तेवढं खरं ठेवा."