माया मोजायला आलेले सर

टिपणीस सर समाजकार्य शिकवायचे, तेही विलायती पुस्तकाबरहुकूम. आई दूर गेल्यावर मूल रडतं का, हे पाहायची त्यातलीच एक परीक्षा करायला ते विद्यार्थ्यांसह वारली पाड्यावर आले. त्यांनी एका झोपडीतल्या आईला बाहेर पाठवलं. तिचं दीड वर्षाचं पोर न रडता शेजारच्या देवलीआजीच्या मांडीवर जाऊन बसलं.

सर म्हणाले, “लिहा, याला आईची ओढ नाही. माझ्या मुलीची हीच परीक्षा घेतली, तेव्हा तिनं टाहो फोडला होता!”

आजीनं विचारलं, “तवा तुम्ही कुठं होतात?”

“तिथंच. नोंदी घेत होतो.”

“बाप समोर असून पोर रडत राहिलं, आणि माया आमच्याकडं नाही म्हणता?”

विद्यार्थी लिहायचे थांबले. सरांना आज इतक्या वर्षांनी आठवलं, लेकीनं तेव्हा त्यांच्याकडेच हात पसरले होते. त्यांच्या हातात पेन होतं.