सगळ्यात वरचा बर्थ

कारखानीस साहेबांनी केबिनमधल्या समोरच्या खुर्च्यांचे पाय दोन-दोन बोटं कापून घेतले होते, कारण कुणी आपल्यापेक्षा उंच बसलेलं त्यांना खपत नसे.

नागपूरच्या बैठकीला जाताना तिकिटावर त्यांना वरचा बर्थ मिळाला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या हेडक्लार्क ढोबळेबाईंना खालचा. गाडीत चढताच साहेब बाईंच्या बर्थवर ऐसपैस बसले.

"बाई, तुम्ही वर जा. मी इथेच झोपणार."

वर चढणं बाईंच्या जिवावर आलं, पण नाही म्हणावं तर गोपनीय अहवाल साहेबांच्याच हातात. त्यांनी मान डोलावली.

"अवश्य, साहेब. म्हणजे सगळ्यात वर मी, मध्ये आपला शिपाई रंगनाथ आणि आम्हा दोघांच्या खाली तुम्ही. बरोबर ना?"

साहेबांनी वर पाहिलं. रंगनाथ मधला बर्थ उघडून खुशीत चादर अंथरत होता. साहेब मुकाट्यानं उठले आणि धापा टाकत सगळ्यात वर चढले.

थोड्या वेळानं वरून कुरकुर ऐकू आली. "अहो, इथे मान ताठ करून बसताच येत नाही."

"कसं येणार, साहेब?" दुखरे पाय पसरत बाई म्हणाल्या. "तिथे छत तुमच्याहून वरिष्ठ आहे."