देसायांच्या नावाची फळी

नदीपलीकडे आवडीचं माहेर होतं. सकाळच्या धुक्यात तिथल्या चुलींचा धूर वर चढायचा, आणि काठावर बसल्या बसल्या आवडी त्याच्यासोबत पलीकडे जाऊन यायची. लग्नाला चारच महिने झाले होते. नदीवरचा लाकडी साकव वाहून गेल्यापासून माहेरी जाणं उरलं होतं ते एवढंच.

तिचे सासरे धाकू पाथरवट दगडी पूल बांधा म्हणून सांगून थकले, पण गावचे विसाजी देसाई ऐकेनात. "दगडाला दोन वर्षं जातील. आंब्याच्या फळ्या टाका, दसऱ्याला पूल उभा. पुढचं पुढचे बघतील, तेव्हा मी थोडाच असणार?"

पुलाशी रोवायला मात्र त्यांनी काळ्या दगडावर स्वतःचं नाव कोरायला दिलं होतं. देसाई ते काम बघायला आले, तेव्हा आवडी सासऱ्यांची भाकरी घेऊन आली होती.

"अक्षर खोल घे रे धाकू. पतवंडांना वाचता आलं पाहिजे."

आवडी पदर सावरत म्हणाली, "मामंजी, दगड कशाला? पुलाच्याच फळीवर कोरा की सरकारांचं नाव."

"खुळी का काय तू?" देसाई हसले. "आंब्याचं लाकूड ते. चार पावसाळ्यांत कुजेल, नाव राहील कुठं?"

"नावाचं खरंच, सरकार. पण त्याच फळ्यांवरून माणसं जायची आहेत."

देसायांनी दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दगडाचाच बांधू. पण दोन वर्षं माहेर नाही हो तुला."

"थांबेन की. पतवंडं मलाही होतील."

दोन वर्षं आवडी धुरासोबतच माहेरी गेली. तिसऱ्या वर्षी पायांनी गेली.