अप्पासाहेबांच्या वाचनालयातला प्रिंटर

यजमान गेले आणि मालिनीबाई दिघ्यांना राहतं घर विकून लेकीकडे जाणं भाग पडलं. यजमान ज्या जुन्या लेझर प्रिंटरवर गावाचं मासिक छापायचे, तो भंगारात घालायला त्यांचा जीव धजेना. शेवटी रिक्षात घालून त्यांनी तो वाचनालयात नेला.

ऐंशी ओलांडलेले अध्यक्ष अप्पासाहेब खुर्चीतूनच गरजले, "तापायला तास लागतो, कामापेक्षा घरघरच जास्त! असल्या जुनाटाला इथं जागा नाही, बाई."

मालिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग तुम्हीही उठता का? रिक्षा बाहेर उभीच आहे, सोबतच निघू."

सगळं वाचनालय हसलं. अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "खिडकीजवळचं टेबल मोकळं करा रे," ते पुटपुटले, "आपलं वार्तापत्र छापू यावर."

मालिनीबाई मात्र हसल्या नाहीत. प्रिंटरवरून एकदा हात फिरवून त्या उरलेलं सामान बांधायला निघून गेल्या.