नदीकडे पाठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, पण माणसांना पलीकडे जायची घाई आजच्याइतकीच होती. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा पुढे सरकून ऐकावी.

एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. गावाला एकच नाव होती आणि ती चालवणारी एकच बाई. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. खरी आत्या मात्र ती एकट्या तानीची. तानीचे आईबाप ती रांगत असतानाच गेले, तेव्हा आत्यानेच तिला पदराखाली घेतलं. घाटावरच्या झोपडीत दोघी राहायच्या.

त्या घाटावर नाव चालवायला शिकायची एक जुनी रीत होती. शिकणाऱ्याने नावेच्या पुढच्या टोकाला बसायचं, पण तोंड नावाड्याकडे करून. नजर नावाड्याच्या हातांवरून हलू द्यायची नाही. आत्या तिच्या बापासमोर तशीच बसली होती, आणि तानी आत्यासमोर.

आत्याचा खांदा कुठे झुकतो, मनगट कधी फिरतं, श्वास कुठे रोखला जातो, सारं तानीला पाठ होतं. घरी आल्यावर ती मुसळ हातात धरून हुबेहूब आत्यासारखं वल्हवून दाखवायची.

"अगदी माझी सावली गं तू!" आत्या हसून म्हणायची.

तानीला याहून मोठं कौतुक ठाऊक नव्हतं. आणि नदी रोज तिच्या पाठीमागून वाहत होती.

एका पावसाळ्यात मोठा पूर आला. तो ओसरायच्या आतच आत्याचा उजवा हात आणि पाय लुळे पडले.

गावचे पाटील झोपडीत आले. माणूस भला होता, पण गावाची काळजी त्यांच्या डोक्यावर होती. ते म्हणाले, "आत्या, पौर्णिमेला पलीकडच्या डोंगरावर देवीची जत्रा आहे. लेकराबाळांसकट सगळं गाव जाणार आहे. तुझी तानी नाव नेत असेल तर घाट तुमचाच. नाहीतर खालच्या गावच्या नावाड्याला द्यावा लागेल. मला दुसरा इलाज नाही."

घाट गेला म्हणजे नाव गेली, झोपडीही गेली. आत्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा मांडीवर ठेवला. ते बघून तानी पुढे आली.

"मी नेईन!" ती म्हणाली. "मला सगळं येतं."

दुसऱ्याच दिवशी तिने नाव सोडली. नावेत ताक विकणारी काकू होती, आणि एक म्हातारबाबा आपल्या शेळीसह होते. तानीने सगळं आत्यासारखं केलं. काठावरचं चिंचेचं झाड समोर येताच खांदा झुकवला, मनगट फिरवलं, श्वास रोखला. आणि नाव खर्रकन वाळूत रुतली.

ताकाचं मडकं कलंडलं. शेळी ओरडली.

"अगं बाई," काकू पदर पिळत म्हणाली, "नाव चालवतेस की नांगर?"

"चूक कुठे झाली?" तानी पुटपुटली. "आत्या इथेच वळते."

सगळे गुडघाभर पाण्यातून चालत परतले. संध्याकाळी तानी आत्याच्या अंथरुणाशी बसली. "आत्या, तू करतेस तेच मी केलं. चिंचेपाशी आता वाळू आली आहे. मग वळू कुठे, तेवढं सांग."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "पूर आल्यापासून मी पाण्यावर गेलेच नाही, बाळा. नदीने कुठे काय आणून टाकलं, मला कसं कळणार?"

"मग इतकी वर्षं तू मला शिकवलंस तरी काय?" तानीचा आवाज चिरकला. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं.

आत्या रागावली नाही. "माझे हात शिकवले," ती हळूच म्हणाली. "बापाने मला त्याचे शिकवले होते. नदी मला कुणी शिकवली, ते काही केल्या आठवत नाही गं. बहुतेक माझी मीच शिकले असेन. आणि हे तुला सांगायचं राहूनच गेलं."

सकाळी तानी रुतलेली नाव ओढायला गेली. नावेपासून हातभर अंतरावर एक म्हातारा बगळा एका पायावर उभा होता.

"काल मी इथेच होतो," बगळा म्हणाला. "तू सरळ माझ्यावर नाव घातलीस."

"मी तुला पाहिलंच नाही."

"तेच तर! बगळा उभा आहे म्हणजे पाणी गुडघ्यापर्यंत. डोळे उघडे असले की पुरे, एवढं तर बेडकाच्या पिल्लालाही कळतं."

तानीला हसू आलं आणि रडूही. "तुला हे कुणी शिकवलं?"

"भुकेने," बगळा म्हणाला. "तुला कशाची भूक आहे, ते बघ. मग नदी आहेच समोर." एवढं बोलून त्याने एक मासा टिपला आणि तो उडून गेला.

तानी नावेत चढली. सवयीने टोकाला बसली, आणि मग जाणूनबुजून वळली. पहिल्यांदाच तिचं तोंड पाण्याकडे झालं. केवढी मोठी होती नदी! कुठे चुळबुळणारी, कुठे गुळगुळीत, कुठे मातकट, कुठे काळीशार.

त्या दिवसापासून ती रोज रिकामी नाव घेऊन निघू लागली. लांब बांबूने तळ चाचपायची. कधी नाव गर्रकन फिरायची, कधी दगडाला घासायची. तानी पुन्हा तिथेच जायची, का फिरली ते बघायला. म्हशी पाण्यात कुठून उतरतात, हे तिने गुराख्याला विचारलं. जाळी कुठे अडकतात, हे कोळणीला विचारलं. "आता शिकवायला आम्हालाच आत्या करणार का गं तू?" कोळीण चेष्टेने म्हणाली, पण जागा दाखवायला स्वतः काठापर्यंत आली.

आणि रोज संध्याकाळी तानी घरी प्रश्न घेऊन यायची.

"आत्या, काळ्या पाण्यात बांबू बुडतो, पण कडेला नाव ओढली का जाते?"

आत्या उठून बसायची. "तिथे डोह आहे. कडेचं पाणी आत वळतं. थेट जाऊ नकोस, तिरकी जा. अगं, हे मी तुला कधीच कसं सांगितलं नाही?"

"मी कधी विचारलंच नाही, आत्या."

आत्याचे डोळे चमकायचे. नुसते हात दाखवताना ते कधी असे चमकले नव्हते.

पौर्णिमा आली. घाटावर गाव गोळा झालं. आत्यालाही चौघांनी धरून नावेत बसवलं. सवयीने ती तानीकडे तोंड करून बसली.

"आत्या," तानी वाकून म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस. पाण्याकडे बघ. तुझी नदी बदलली आहे, तुला दाखवायची आहे."

आत्या सावकाश वळली.

नाव निघाली. चिंच समोर आली तशी काकू ओरडली, "अगं वळव, वळव! आत्या इथूनच वळायची!" तानीने वळवली नाही. चिंचेसमोर म्हातारा बगळा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला वळसा घालून ती डोहाच्या कडेने तिरकी गेली, आणि नाव पलीकडच्या काठाला अलगद टेकली. ताकाचा एक थेंबही सांडला नाही.

पाटलांनी नावेचा दोर तानीच्या हातात दिला. "घाट तुमचा," ते म्हणाले.

आत्याने डोळे पुसले. "माझी सावली नाहीस तू," ती म्हणाली. तानीला याहून मोठं कौतुक पुढे कधी मिळालं नाही.

तेव्हापासून त्या घाटावरची रीत बदलली. शिकणारा टोकाला पाण्याकडे तोंड करून बसतो, आणि नावाडी मागून विचारतो, "काय दिसतंय?"

म्हणून सांगते, मुलांनो आणि थोरांनो: शिकवणारा हात देईल, पण नदीकडे तोंड ज्याचं त्यालाच फिरवावं लागतं.