म्हाळूने मामा आणले

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव म्हाळू. कोणी सांगेल ते तो कान देऊन ऐकायचा. फक्त जिथे लावायचं तिथे सोडून बाकी सगळीकडे लावायचा.

म्हाळूच्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न होतं. मुहूर्त दुपारचा. नवरीला हात धरून मांडवात आणायचा मान मामांचा, आणि मामा तर बसले होते रुसून. थोरल्या भाच्याच्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहिला. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. शेवंतासाठी आता कुठे ते जरा पाघळले होते. "न्यायला माणूस आला तरच येईन," असा त्यांचा निरोप आला.

घरात सगळ्यांचे हात कामात. रिकामा एकटा म्हाळू, आणि रिकामी त्याच्या वडिलांची जुनी फटफटी. ती चालायची कमी आणि बंद पडायची जास्त.

आई म्हणाली, "म्हाळू, मामा आलं न्हाईत तर शेवंता रडत बोहल्यावर चढंल. तुझी अक्कल चालवू नगंस. रस्त्यात जाणतं माणूस सांगंल तसं कर. आन गाडी पुढं बघून चालीव. मागं वळून बघायचं न्हाई!"

"बरं," म्हाळू म्हणाला आणि निघाला.

ओढ्याचा चढ चढताना फटफटी फुस्स करून बंद पडली. तिथे शब्बीरभाईचं पंक्चरचं दुकान होतं. शब्बीरभाईने इंजिनाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "तापलंय की रं! सावलीला लाव. गार झालं की हुईल चालू."

म्हाळूने गाडी लिंबाखाली लावली. गार झाली, चालू झाली. म्हाळू खूश! बंद पडली की सावलीला लावायची, एवढं त्याने मनात पक्कं केलं.

थोडं पुढे जाऊन गाडी पुन्हा बंद. म्हाळूने ती ढकलत ढकलत बाभळीखाली नेली आणि टॉवेलाने वारा घालत बसला. इंजिन गार झालं. म्हाळू घामाघूम झाला. गाडी काही हलेना.

दूध घालून परत निघालेले पांडूतात्या थांबले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. "आरं, टाकीत टिपूस न्हाई आन तू वारा काय घालतोस? पेट्रोल घाल, पेट्रोल!" त्यांनी फाट्यावरून दोन बाटल्या आणून दिल्या. एक टाकीत गेली, एक म्हाळूने पिशवीत ठेवली. गाडी चालू झाली.

मामा दारातच उभे होते. नवंकोरं धोतर, पिळदार मिशा, मिश्री लावून लावून काळे झालेले दात. "आलास? मला वाटलं, औंदाबी इसरली तुझी आई," असं म्हणत ते मागे बसले. राग होताच, पण बसले हे महत्त्वाचं. निघताना त्यांनी गावातल्या पंपावर टाकी भरून घेतली.

वेशीबाहेर गाडी बंद पडली. म्हाळूला आता काय करायचं ते ठाऊक होतं. त्याने पिशवीतली बाटली काढून टाकीत ओतली. टाकी आधीच काठोकाठ भरलेली होती. तो ओततच राहिला. पेट्रोल टाकीवरून सीटवर आलं आणि सीटवरून मामांच्या धोतरात.

"म्हाळ्या, मुडद्या!" मामा ओरडले.

एक ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्याने प्लग काढला. "ह्यो बघ, काजळी धरलीया. घासायचा, फुंकर मारायची, बसवायचा." त्याने घासून दाखवलं आणि पॉलिश पेपरचा तुकडा म्हाळूला देऊन टाकला. गाडी चालू झाली. म्हाळूने धडा गाठीला बांधला.

पण पुढच्या वळणावर मामाच बंद पडले. ऊन, पेट्रोलचा वास आणि भाच्याचं चालवणं. त्यांना भोवळ आली. ते रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

म्हाळूने वाकून पाहिलं. दातांवर काजळी! त्याने पॉलिश पेपर काढला आणि मामांचे पुढचे दात खसाखसा घासायला घेतले. मग फुंकर मारली.

मामा ताडकन उठून बसले. शेतात खुरपणारी एक म्हातारी धावत आली. "आरं मेल्या, माणूस हाय का मशीन? पाठीवरनं हात फिरीव. दोन गोड शब्द बोल!"

म्हाळूने पाठीवरून हात फिरवला. गोड बोलला. मामा म्हातारीच्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि शेवंताचं तोंड आठवून पुन्हा गाडीवर बसले.

गाव दिसू लागलं. सनईचा आवाज कानावर आला. आणि फटफटी बंद पडली.

म्हाळू खाली उतरला. सीटवरून हात फिरवत म्हणाला, "असं काय करावं गं माझ्या बाई? चल, तुला लाडू देतो."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "बस वर! मी ढकलतो. चालू झाली की थांबू नगंस, न्हाईतर पुन्हा बंद पडंल. एकदम मांडवातच थांब!"

मामांनी धोतर खोचलं आणि जोर लावला. गाडी धक्के खात निघाली, फटफटली आणि सुटली. मागून आरोळ्या ऐकू आल्या. मामा जोर लावताना ओरडत असतील, असं म्हाळूला वाटलं. मागे काही त्याने पाहिलं नाही. गाडी वाऱ्यासारखी पळत होती. या वयात केवढा जोर मामांच्या अंगात, म्हणून त्याचा ऊर भरून आला.

मांडवात अंतरपाट धरला होता. भटजी हाकारत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" शेवंता दाराआडून रस्त्याकडे बघत होती. थोरला भाऊ हातात फेटा घेऊन उभा होता. या खेपेला चूक व्हायला नको होती. तेवढ्यात फटफटी मांडवात शिरली आणि बरोबर अंतरपाटाला टेकून थांबली.

आई भाकरतुकडा घेऊन धावत आली. "म्हाळू, मामा कुठं हाईत?"

म्हाळूने मान वळवली नाही. पुढेच बघत, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या आता ढकलायचं! पोचलो आपण."